हाताने आटे पाडताना : टॅप आणि टॅप हँडल घेणाऱ्या ग्राहकांसाठी

रविवार पेठेतील आमच्या दुकानातून टॅप (भोकात आटे कापायचे हत्यार) नेणारे काही ग्राहक तो तुटला म्हणून परत येतात, आणि विचारपूस केली की दोष बहुधा भोकाचा किंवा हँडलचा निघतो. म्हणून हे पत्रक आम्ही प्रत्येक सेटसोबत देतो.

टॅपच्या मापातून पिच (लगतच्या दोन आट्यांमधील अंतर) वजा केली की ड्रिलचे माप मिळते. नेहमीच्या एम ६ (६ मिमी मापाच्या) टॅपची पिच १ मिमी असल्याने ५ मिमीचे, एम ८ ला ६.८ मिमीचे आणि एम १० ला ८.५ मिमीचे ड्रिल लागते. हाताशी ५ चे नाही म्हणून ४.८ च्या ड्रिलवर कृपया भागवू नये, कारण मग टॅपला जास्त धातू कापावा लागून तो अडकतो. भोकाच्या तोंडाला हलके काउंटरसिंक केल्यास, म्हणजे तोंड उतरते रुंद केल्यास, पहिला आटा स्वच्छ पडतो.

एम ४ किंवा एम ५ सारख्या बारीक टॅपला लहान टी हँडलच वापरावे. लांब दांड्याच्या हँडलने जोर नकळत वाढतो आणि टॅप कुठे जड जातो आहे हे हाताला कळत नाही.

तीनच्या सेटमधील सर्वांत निमुळत्या टोकाचा टॅप आधी घ्यावा. दोन फेरे झाल्यावर हँडल काढून, एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी गुण्या लावून टॅप सरळ आहे का ते पाहावे. तिरका असेल तर तो मागे घेऊन पुन्हा सुरू करावा, पुढे गेल्यावर जोर लावून सरळ करू नये. त्यानंतर दोन्ही हातांनी सारखा जोर देत अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे फिरवावे. मागे घेताना चुरा तुटल्याचा हलकासा झटका हँडलमध्ये जाणवतो. माइल्ड स्टीलला कटिंग ऑइल व ॲल्युमिनियमला रॉकेल चालते. बीड (ओतीव लोखंड) मात्र सहसा कोरडेच कापावे. आरपार नसलेले भोक आट्यांच्या गरजेपेक्षा खोल पाडून टॅप मधूनमधून बाहेर काढावा व चुरा साफ करावा.

टॅप तुटून एचएसएसचा (हाय स्पीड स्टील या कठीण पोलादाचा) तुकडा आत राहिल्यास साधे ड्रिल त्याला लागत नाही आणि जॉब स्पार्क इरोजन मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या यंत्रावर) न्यावा लागतो. जुन्या यंत्रांवर इंची आटेही असतात. शंका असल्यास मूळ बोल्ट काउंटरवर आणावा, आम्ही पिच गेज लावून योग्य टॅप, ड्रिल आणि हँडल काढून देऊ.