जलतरण तलावाचा उष्णता पंप

भोवतालच्या हवेतील उष्णता गोळा करून ती तलावाच्या पाण्यात सोडणारे विजेवरचे यंत्र. बोलताना त्याला उष्णता पंप कोणीच म्हणत नाही. प्लंबरपासून बंगल्याच्या मालकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘हीट पंप’च असते. भिंतीला टांगलेल्या एसीच्या बाहेरच्या खोक्याचा हा सख्खा भाऊ. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरची उष्णता पाण्यात टाकतो. पोटातली यंत्रणा तीच. गिझर उष्णता तयार करतो, हीट पंप ती नुसती वाहून आणतो, आणि म्हणूनच १ युनिट (१ किलोवॉट-तास) वीज घेऊन तो तलावाला साधारण ४ ते ६ युनिट उष्णता देतो. त्याची मेखही याच गोष्टीत आहे. उष्णता उचलायला मोकळी हवा नसेल किंवा ती घेऊन जायला पुरेसे पाणी वाहत नसेल, तर यंत्र निर्दोष असूनही तलाव थंडच राहतो. दुरुस्तीवाल्यांना येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच या दोन गोष्टींपाशीच येऊन थांबतात.

कार्य

यंत्राचा पंखा हवा ओढतो ती ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांच्या जाळीतून. जाळीत ओवलेल्या नळ्यांमधला शीतक, म्हणजे बोलीतला ‘गॅस’, हवेपेक्षाही थंड असतो. त्यामुळे २० अंशांची हवासुद्धा त्याला उकळवायला पुरते. वाफ झालेला हा शीतक कॉम्प्रेसर दाबतो, दाबाने तो तापतो आणि टायटॅनियमच्या वेटोळ्यातून जाताना भोवतीने वाहणाऱ्या तलावाच्या पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होतो. प्रसरण व्हॉल्व्हमधून पुढे जाताच त्याचा दाब उतरतो, तो थंड पडतो आणि फेरा नव्याने सुरू होतो. वेटोळे टायटॅनियमचे असण्याचे कारण क्लोरीन. तांब्याची नळी क्लोरीनच्या पाण्यात कुरतडली जाते. टायटॅनियम तग धरते.

दमट हवा या यंत्राला मानवते. जाळीवर बाष्पाचे पाणी होताना त्याची सुप्त उष्णताही शीतकाला मिळते. त्यामुळे तापमान सारखेच असले, तरी कोकणातल्या हवेत पंप देशावरच्या कोरड्या हवेपेक्षा थोडी जास्त उष्णता देतो.

उष्णता थंडाकडून गरमाकडे यंत्राने नेता येईल ही कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये मांडली. ऑस्ट्रियात पेटर फोन रिटिंगर यांनी १८५६-५७ च्या सुमारास एबेनझे येथील मिठागरात तिचा वापर केला. झुरिकचे नगरभवन १९३८ मध्ये लिमॅट नदीच्या पाण्यातील उष्णतेवर ऊबदार करण्यात आले आणि त्याच शहरातील बंदिस्त जलतरण तलावाला १९४१ मध्ये हीट पंप मिळाला.

गरज

हिवाळ्यात पहाटे विहिरीत उडी मारलेल्यांना ठाऊक असते की विहिरीचे पाणी कोमट लागते. जमिनीखालच्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही. टाइल लावलेल्या, उघड्या, उथळ तलावाचे तसे नसते. तो आकाशाखाली रात्रभर उष्णता गमावतो. डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक या भागांत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास येतो तेव्हा उघड्या तलावाचे पाणी २०-२२ अंशांपर्यंत उतरते. स्पर्धेच्या तलावासाठी २५ ते २८ अंश हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. निवांत डुंबायला २८ ते ३० अंश बरे वाटतात, तर लहान मुलांच्या व व्यायामोपचाराच्या तलावांना त्याहून अधिक लागते. लोणावळा, इगतपुरी, महाबळेश्वर, पाचगणी येथील भाड्याच्या बंगल्यांना हीट पंप हवासा वाटतो तो या फरकामुळे. मुंबईत मात्र तो बहुतेकदा चैनीचाच असतो.

क्षमता

१ घनमीटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ युनिट उष्णता लागते. बंगल्यातला ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलाव घेतला तर त्यात सुमारे ४५ घनमीटर, म्हणजे ४५,००० लिटर पाणी मावते. तेवढे पाणी अंशभर तापवायचे तर ५२ युनिट. २२ वरून २९ वर न्यायला ३६५. विजेच्या साध्या हीटरला हे सगळे ३६५ युनिट मीटरवरून घ्यावे लागतील. गॅसच्या बॉयलरला १९ किलोचे जवळपास दोन सिलिंडर. हीट पंपाचे काम ७०-८० युनिट विजेत होते. मात्र त्याला घाई चालत नाही. १५ किलोवॉट उष्णता देणारा पंप याच कामाला अखंड चालून पूर्ण दिवस घेईल, आणि मधल्या वेळेत जी उष्णता उडून जाते ती धरली तर दोन-तीन दिवस. शनिवारी पाहुणे येणार म्हणून शुक्रवारी रात्री बटण दाबणाऱ्यांची निराशा ठरलेली.

उष्णता उडते ती मुख्यतः बाष्पीभवनाने. वरच्याच तलावातून एका रात्रीत ५ मिलिमीटर पाणी उडाले, तर ते होते १६० लिटर. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना साधारण पाऊण युनिटाच्या थोडी कमी उष्णता घेऊन जाते. हिशेब १०८ युनिटांवर जातो आणि तलाव दोन अंशांनी उतरतो. पाण्यावर पसरायचे बुडबुड्यांचे प्लॅस्टिक आवरण ही गळती बरीचशी थांबवते, तरी मोठा पंप घेणारे आवरणाला नाक मुरडतात. कारण विचारले तर ‘फोटोत चांगले दिसत नाही’. दरीच्या बाजूने पाणी सांडणारा इन्फिनिटी तलाव तर याबाबतीत सर्वांत खर्चिक: सांडणाऱ्या पाण्याचा पातळ पडदा वाऱ्यात थंड होतो आणि सांडलेले पाणी साठवणाऱ्या बॅलन्सिंग टाकीत जाऊन पुन्हा गरम व्हायला येतो. अशा तलावाची सांडवणी रात्री बंद ठेवता येईल अशी सोय पाइप टाकतानाच करावी लागते.

बसवणे

सर्वांत मोठी चूक होते ती जागा निवडताना. फिल्टर आणि पाणी फिरवणारा अभिसरण पंप जमिनीखालच्या खोलीत असतात, पाइप तिथे हाताशी असतात, म्हणून हीट पंपही तिथेच बसवला जातो. बंद खोलीत तो स्वतःच फेकलेली गार हवा पुन्हा ओढतो; तासाभरात खोलीत हुडहुडी भरते आणि पंपाची ताकद निम्म्यावर येते. यंत्र उघड्यावर हवे. हवा आत घेणाऱ्या बाजूंना भिंतीपासून निदान अर्धा मीटर, पंख्यासमोर दोन ते तीन मीटर मोकळीक ठेवावी. पंखा वर तोंड करून असेल तर डोक्यावर छज्जा किंवा पत्रा नसावा. शोभेसाठी लावलेली बोगनवेल वर्षा-दोन वर्षांत जाळीपर्यंत पोचते, हेही लक्षात ठेवावे. नवे शीतक वापरणाऱ्या यंत्रांबाबत तळघर टाळायला आणखी एक कारण आहे: आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आर-२९० म्हणजे प्रोपेन तर चांगलाच, दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तळाशी साचतात.

यंत्राखाली जमिनीपासून चार-सहा इंच उंच, समपातळीतला काँक्रीटचा ओटा आणि त्यावर रबराचे पाय असावेत. जाळीवर जमणारे पाणी वाहून जायला नळी आणि उतार हवा. दमट दिवसांत हे पाणी तासाला काही लिटर निघते. शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खोलीकडे पंख्याचे तोंड करू नये.

पाण्याचा क्रम ठरलेला आहे: अभिसरण पंप, सँड फिल्टर, हीट पंप आणि सर्वांत शेवटी क्लोरीनची मात्रा. क्लोरीन आधी आले तर तीव्र द्रावण थेट वेटोळ्यात जाते. क्लोरीन देणारे उपकरण हीट पंपाच्या नंतर बसवूनही मध्ये एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, लागतो, कारण अभिसरण बंद झाल्यावर द्रावण मागे सरकते. स्किमरच्या, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या, टोपलीत क्लोरीनची वडी टाकून ठेवण्याची सवयही त्याचसाठी वाईट. रात्री अभिसरण पंप बंद असताना वडी विरघळून आम्लधर्मी पाणी साचते आणि सकाळी ते सगळे एकदम यंत्रात शिरते.

हीट पंपाला तीन व्हॉल्व्हचा बायपास, म्हणजे पाण्याला यंत्र टाळून जायची वाट, द्यावाच. दुरुस्तीच्या वेळी फिल्टर चालू राहतो आणि यंत्रातून किती पाणी जावे हेही त्यानेच जुळवता येते. दोन्ही तोंडांना युनियन (फिरवून सुटणारा जोड) असली की यंत्र पाइप न कापता सुटते. पाणी फार तर ३२-३४ अंशांवर जात असल्याने साधा यूपीव्हीसी पाइप पुरतो. ‘गरम पाणी’ म्हणून सीपीव्हीसी घालायला लावणाऱ्याने सोलर बसवले असावेत, हीट पंप नव्हे.

वीज वेगळ्या सर्किटवरून घ्यावी: योग्य एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा वीजगळती-विच्छेदक, आणि खरोखरीचे अर्थिंग. आंतरराष्ट्रीय विद्युत-सुरक्षा मानकांत तलावाच्या काठापासूनचे पहिले २ मीटर आणि त्यापुढचे दीड मीटर असे दोन धोक्याचे पट्टे मानले आहेत, म्हणून यंत्र साडेतीन मीटरच्या पलीकडे बसवणे उत्तम. मोठी यंत्रे थ्री फेजवर चालतात. त्यांना फेजचा क्रम तपासणारा रिले असतो. बाहेर वीजवाहिनीचे काम होऊन दोन फेजांची अदलाबदल झाली की तो यंत्र सुरूच होऊ देत नाही, आणि ते बरेच, कारण उलटा फिरलेला स्क्रोल कॉम्प्रेसर लवकर निकामी होतो.

चालवणे

यंत्र रात्री चालवायची सवय इथे कामाची नाही. पुण्यात जानेवारीत दुपारची हवा २८-३० अंश असते, पहाटेची १०-१२. तेवढ्याच विजेत दुपारी कितीतरी अधिक उष्णता मिळते. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच पंप चालवावा, सूर्यास्ताला आवरण घालावे, हा देशावरचा सोपा नेम. कमी वेगाने फिरू शकणारे इन्व्हर्टर पंप दीर्घकाळ हळू चालवले तर वीज आणखी कमी घेतात.

बाहेर येणारा पाइप हाताला गरम लागत नाही ही नव्या मालकाची पहिली तक्रार. तो लागणारही नाही. १५ किलोवॉटच्या पंपातून तासाला ६ घनमीटर पाणी जात असेल तर आत-बाहेरचा फरक जेमतेम दोन अंश पडतो, आणि तोच योग्य. फरक चार-पाच अंश दिसू लागला तर आनंद मानू नये. पाणी कमी वाहत असल्याची ती खूण आहे.

देखभाल

आठवड्याला अभिसरण पंपाआधीच्या गाळणीतून केस आणि पाने काढावीत, फिल्टरचा दाब पाहून बॅकवॉश द्यावा, म्हणजे उलटे पाणी सोडून तो धुवावा. पाण्याचा सामू (पीएच) ७.२ ते ७.८ मध्ये राखावा. बोअरवेलचे जड पाणी भरलेल्या तलावात सामू वर गेला की वेटोळ्यावर क्षाराची पुटे चढतात. जाळी दर महिन्याला मऊ ब्रश आणि बागेच्या नळीच्या हलक्या धारेने धुवावी. गाडी धुण्याचा प्रेशर पंप लावला की पाती कागदासारखी आडवी होतात. मग बारीक फणीने एकेक ओळ सरळ करत बसावे लागते. अलिबाग, गोवा अशा समुद्रकाठच्या ठिकाणी खारा वारा ॲल्युमिनियम खातो. तिथे लेपन केलेली निळी पाती घ्यावीत आणि गोड्या पाण्याने धुणे अधिक वेळा करावे.

यंत्राखाली पाणी साचले की गळतीची शंका येते. अशा वेळी क्लोरीन तपासण्याच्या संचातील नळीत ते पाणी घ्यावे आणि ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकावेत. पिवळे झाले तर तलावाचे पाणी गळते आहे, आतला भाग उघडावा लागेल. रंग आला नाही तर ते हवेतले बाष्प. निचऱ्याची नळी तेवढी साफ करावी.

पाणी वाहत नसल्याचा संकेत पडद्यावर आला तर आधी गाळणी, फिल्टर आणि बायपासचे व्हॉल्व्ह पाहावेत. दहातल्या बऱ्याच वेळा कोणीतरी बायपास उघडा टाकलेला असतो. जाळीवर बर्फ धरत असेल तर हवेचा मार्ग अडला आहे, गॅस कमी आहे किंवा हवाच फार थंड आहे. वीज जाऊन आल्यावर यंत्र लगेच सुरू झाले नाही तर थांबावे. कॉम्प्रेसरच्या रक्षणासाठी काही मिनिटांचा विलंब मुद्दाम ठेवलेला असतो. गॅस मात्र आपोआप ‘संपत’ नाही. दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती शोधून बुजवायला सांगावे. जुन्या यंत्रांतील आर-२२ ओझोन थराला घातक असल्याने माँट्रिऑल करारानुसार भारतात २०३० पर्यंत हद्दपार होत आहे. आर-४१०ए ओझोनला अपाय करत नाही, पण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून अधिक आहे. आर-३२ ची ६७५ पट.

युरोपात यंत्र हिवाळ्यात बंद होते आणि वेटोळे गोठून फुटू नये म्हणून पाणी काढून टाकतात. आपल्याकडे ते मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत झोपलेले असते, आणि त्या काळातले शत्रू वेगळे: नियंत्रण पट्टीवर घर करणाऱ्या मुंग्या, वीज जोडणाऱ्या संपर्क-बिंदूंत चिरडलेली पाल, वायर कुरतडणारे उंदीर. यंत्र प्लॅस्टिकमध्ये आवळून बांधले तर आत दमटपणा कोंडून गंज धरतो; वरून छप्पर आणि बाजूंनी वारा एवढेच पुरे. केबल आत जाण्याची भोके सिलिकॉनने बंद करावीत. दिवाळीच्या आधी पहिल्यांदा बटण दाबण्यापूर्वी वीज तोडून झाकण उघडावे, सुकलेली पाल आणि मुंग्यांची माती ब्रशने झाडावी, जोडण्यांचे स्क्रू आवळावेत, आणि मगच बायपास बंद करून पाणी आत सोडावे.