माडावर लटकलात तर खाली कसं यायचं?

बारा मीटर उंचीच्या माडावरून सुटलेला नारळ दीड सेकंदाच्या थोडं पुढे जमिनीवर आपटतो, आणि आपटताना त्याचा वेग ताशी ५५ किलोमीटरच्या घरात असतो. माणसाचं गणितही तेच. दीड सेकंदात काही सुचत नाही, म्हणून जे सुचायचं ते चढण्याआधी सुचलेलं बरं.

आमच्याकडे नारळ पाडायला येणारे पाडेली कमरेच्या आकडीला कोयता अडकवतात, पायात काथ्याचा फेरा घालतात आणि निघतात. त्यांच्या तळपायाच्या कडेला चामड्यासारखा घट्टा आहे. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरलं की तो घट्टाही घसरतो. काही वाड्यांत खोडाला टप्पे पाडतात. चढायला सोपं, माडाला वाईट. आंब्याच्या सालीखाली वाढीचा थर असतो तसा माडाला नसतो, त्यामुळे पाडलेला टप्पा जन्मभर भरून येत नाही आणि सोंड्या भुंग्याला आयतं दार मिळतं.

मग दोरी बांधा, असं कोणीही सांगेल. पण दोरी कशी थांबवते ते बघा. ७० किलोचा माणूस एक मीटर पडला आणि न ताणणाऱ्या दोरीने त्याला पाच सेंटिमीटरात थांबवलं, तर त्याच्या अंगावर सरासरी वजनाच्या एकवीसपट जोर येतो, म्हणजे सुमारे दीड टनाचा भार. तेच थांबणं अर्ध्या मीटरवर पसरलं तर जोर तिपटीवर येतो. युरोपातल्या मानकांत म्हणूनच ही झटक्याची मर्यादा साधारण ६०० किलोच्या भाराएवढी ठेवली आहे, आणि चांगल्या सुरक्षा-दोरीत टाके घातलेली पट्टी असते. झटका बसला की टाके उसवत जातात आणि माणूस हळू थांबतो. नुसता कमरपट्टा असेल तर सगळा जोर पोटावर आणि मणक्यावर. त्यापेक्षा मांड्या, छाती आणि खांदे धरणारा हार्नेस हवा. आणि दोरीला ढील नको. पडायला जागाच कमी ठेवली की झटकाही कमी.

माडाला फांदी नसते ही आणखी एक पंचाईत. दोरी खोडाभोवतीच आवळावी लागते, डोक्याच्या वरच्या बाजूला. झावळीला कधीच नाही, पिकलेली झावळ देठासकट हातात येते.

समजा दोरीने झेललं. वाचलो म्हणायचं? अजून नाही. अमेरिकेत हरणासाठी झाडावर बैठक बांधून बसणाऱ्या शिकाऱ्यांनी हा धडा घेतलाय. आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे, पण लटकण्याचं शास्त्र शिकाऱ्याला आणि पाडेल्याला एकच. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते पंपासारखे चालतात. हार्नेसमध्ये निश्चल लटकलं की पंप बंद, रक्त पायांत साठतं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस बेशुद्ध होतो. उभा असता तर भोवळ येऊन आडवा पडला असता आणि शुद्धीवर आला असता. इथे दोरी त्याला आडवं होऊच देत नाही. हे काही मिनिटांतही होऊ शकतं.

म्हणून हार्नेसला दोन हात लांबीचा पट्टा किंवा दोरीचा फास घडी करून अडकवलेला असावा. लटकलात की तो सोडून त्यात पाय घाला आणि उभे राहा. तेही नसेल तर खोडाला पाय रेटत राहा, गुडघे हलवा. सोडवून आणलेल्या माणसाला आडवं झोपवायचं नाही, बसवूनच ठेवायचं, असं पूर्वी शिकवत. २००९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेने पुरावे तपासून तो सल्ला मोडीत काढला. झोपवा, श्वास बघा, १०८ ला फोन करा.

खाली यायला घर्षण कामाला येतं, आणि ते जादूसारखं वाढतं. खोडाभोवती दोरीचा एक पूर्ण वेढा घेतला, घर्षणाचा गुणांक, म्हणजे दोरीची पकड किती त्याचा आकडा, ०.३ धरला, तर एका टोकाला लावलेली ताकद दुसऱ्या टोकाचा साडेसहापट भार पेलते. दोन वेढ्यांना त्रेचाळीसपट, तिसऱ्याला जवळजवळ दोनशे शहाऐंशीपट! होडी खुंटाला बांधणाऱ्या खलाशाला हे सूत्राशिवाय ठाऊक असतं. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये मांडलेली गाठ याच तत्त्वावर चालते. बारीक दोरीचे वेढे जाड दोरीभोवती घ्यायचे. भार आला की गाठ चावते, भार काढला की हाताने सरकते. जमिनीपासून हातभर उंचीवर तिचा सराव करावा, वर जाऊन नव्हे. नायलॉन ओला झाला की दहा-पंधरा टक्के ताकद गमावतो, कुठल्याही दोरीची ताकद गाठीपाशी आणखी उतरते, आणि उन्हात वर्षभर पडलेली निळी दोरी केळीचा घड बांधायला ठीक.

हे सगळं मी आमच्या पाडेल्यांना सांगितलं, खळ्यात बसून तीन वेढेही घालून दाखवले. त्यांनी दोरी ओढून बघितली, हसले आणि म्हणाले, "बरी आसा ओ. पण परत्येक माडार ही बांधूची नि सोडूची, तर दिसाक माड किती होतले?" पैसे झाडामागे मिळतात. दोरी खुंटीला अडकवून ते पुढच्या माडाकडे गेले.