वैमानिकाच्या मनगटाला जीपीएस हवंच का?

मोठं प्रवासी विमान ३७ हजार फुटांवर स्थिरावलंय. समोरचा अल्टिमीटर ३७,००० दाखवतोय. सहवैमानिकाच्या मनगटावरचं महागडं स्मार्टवॉच मात्र ७,००० म्हणतंय. त्याच घड्याळाला उपग्रहांवरून उंची काढायला लावली, तर तिसराच आकडा येऊ शकतो, समजा ३८,४००. आणि गंमत म्हणजे यातला एकही आकडा चुकीचा नाही.

घड्याळात हवेचा दाब मोजणारी एक इवलीशी चिप असते. ती केबिनमधला दाब मोजते आणि प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये तो मुद्दाम ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढा राखलेला असतो. ३७ हजार फुटांवर बाहेरचा दाब साधारण २१७ हेक्टोपास्कल असतो. ८ हजार फुटांवर तो ७५३ च्या आसपास भरतो. म्हणून घड्याळाच्या लेखी आपण एखाद्या उंच डोंगरावर बसलेलो असतो. उपग्रहांवरून निघालेली उंची ही समुद्रसपाटीपासूनची भौमितिक उंची. विमानाचा अल्टिमीटर बाहेरचा दाब मोजतो आणि ‘प्रमाणित वातावरणात एवढा दाब कुठे सापडला असता’ ते सांगतो. तीन आकडे, तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं.

‘वैमानिकांसाठी खास’ म्हणून विकली जाणारी घड्याळं, गार्मिनची डी२ मालिका हे त्यातलं ठळक उदाहरण, घ्यावीत की नाही याचा विचार मला इथूनच सुरू करावासा वाटतो. या घड्याळांची जाहिरात होते ती जीपीएसची: नकाशा, जवळच्या विमानतळाचं अंतर, तिकडे नेणारा बाण. किंमत साध्या क्वार्ट्झ घड्याळाच्या कित्येक पट. माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्या जीपीएससाठी पैसे मोजले जातात, त्याची मनगटावर वैमानिकाला फारशी गरज नाही. त्याच घड्याळातल्या, जाहिरातीत कुठेतरी खाली ढकललेल्या दाबमापकाची मात्र असू शकते.

उंचीचंच आणखी थोडं बघू, कारण ‘उपग्रह अचूक, दाबमापक जुनाट’ असा समज पक्का बसलेला असतो. विमानांमधलं उभं अंतर दाबावर ठरतं. खालच्या उंचीवर सगळे वैमानिक स्थानिक समुद्रसपाटीचा दाब अल्टिमीटरवर लावतात. ठरावीक उंचीच्या वर गेलं की सगळे १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाणित दाब लावतात. हवा तापलेली असेल तर ती फुगते आणि अल्टिमीटर खऱ्या उंचीपेक्षा कमी दाखवतो. तापमान प्रमाणापेक्षा १० अंशांनी जास्त असलं की साधारण ४ टक्के फरक पडतो. म्हणजे २० अंश जास्त असताना १० हजार फूट दाखवणारं विमान प्रत्यक्षात १०,८०० फुटांच्या आसपास असतं. पण त्या भागातल्या सगळ्याच विमानांची चूक सारखी असल्यामुळे त्यांच्यातलं अंतर बिघडत नाही. आता समजा, दुसऱ्या एका वैमानिकाने मनगटावरच्या जीपीएसवर विसंबून ‘अचूक’ ११ हजार फूट धरले. दोघांत १ हजार फूट असायला हवेत, तिथे उरले २००. इथे सर्वांनी मिळून केलेली चूक एकट्याच्या अचूकतेपेक्षा सुरक्षित ठरते.

आता जागेचं बघू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा संदेश आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा एका वॅटचे दहा हजार लाख कोटी भाग करून त्यातला एखादा उचलावा, इतका क्षीण झालेला असतो. विमानाचा अँटेना धडाच्या पाठीवर बसवलेला असतो. त्याला क्षितिजापासून क्षितिजापर्यंत आकाश मोकळं. मनगटावरचा अँटेना नखाएवढ्या जागेत कोंबलेला. एका बाजूला हात, म्हणजे बहुतांशी पाणी, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. वर पत्र्याचं छत, किंवा पंख वर बसवलेलं छोटं विमान असेल तर पंख. मोठ्या विमानांच्या पुढच्या काचेत ती गरम ठेवण्यासाठी धातूचा अतिपातळ थर असतो, तोही संदेश अडवतो. तरी आजची घड्याळं बहुतेक वेळा जागा बरोबर दाखवतात, हे कौतुकाचंच आहे.

पण अडचण ‘बहुतेक वेळा’ या दोन शब्दांत आहे. जागा काढायला चार उपग्रह पुरतात, कारण अज्ञात गोष्टी चार: तीन दिशा आणि संदेश पकडणाऱ्या रिसीव्हरच्या घड्याळातली चूक. (एक नॅनोसेकंद चुकला की अंतर ३० सेंटिमीटरने चुकतं.) मात्र चार उपग्रहांपैकी एक खोटं बोलत असेल तर ते चारांमधून कळत नाही. ते ओळखायला पाचवा लागतो आणि खोटारडा कोणता हे शोधून त्याला बाहेर काढायला सहावा. विमानात बसवलेल्या प्रमाणित रिसीव्हरमध्ये ही पडताळणी सतत चालू असते आणि ती जमेनाशी झाली की तो वैमानिकाला तसं स्पष्ट सांगतो. त्याशिवाय अमेरिकेची ‘वास’, युरोपची ‘एग्नॉस’, भारताची ‘गगन’ यांसारख्या पूरक यंत्रणा भूस्थिर उपग्रहांमार्फत दुरुस्त्या पाठवतात आणि काही बिघडलं तर काही सेकंदांतच इशारा देतात. प्रमाणित उपकरणाचे पैसे प्रामुख्याने या ‘मला माहीत नाही’ म्हणण्याच्या क्षमतेचे असतात. मनगटावरच्या घड्याळाची जडणघडण वेगळी. ते मुळात धावणाऱ्या आणि भटकंती करणाऱ्यांसाठी तयार झालं. त्याला आपला सर्वांत चांगला अंदाज दाखवायची सवय.

समजा अंदाज बरोबर आहे. तरी तो बघायचा कसा? सव्वा-दीड इंची पडद्यावर नकाशा आहे. शेजारी मांडीवर किंवा चौकटीत आठ-दहा इंची टॅबलेट आहे, ज्यावर तोच नकाशा, हवाई क्षेत्रांच्या सीमा, धावपट्ट्यांचे आराखडे स्वच्छ दिसतात. २०११ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन एअरलाइन्सला कॉकपिटमध्ये आयपॅड वापरायची परवानगी मिळाली, तेव्हापासून कागदी नकाशांनी भरलेल्या जाडजूड बॅगा हळूहळू हद्दपार झाल्या. घड्याळाचा पडदा या स्पर्धेत कुठेच नाही. शिवाय घड्याळावर दिशादर्शक उघडला तर त्याचा वरचा भाग विमानाच्या नाकाकडे नसतो, तुमच्या हाताच्या कलाकडे असतो. जीपीएसला तुम्ही कुठल्या दिशेने सरकताय ते कळतं, नाक कुठे वळलंय ते नाही. आणि आडवा वारा असताना या दोन दिशा वेगळ्या असतात. नाकाची दिशा सांगायला घड्याळात चुंबकीय संवेदक असतो, पण कॉकपिटमध्ये हेडसेटपासून मोटरींपर्यंत त्याला भुलवणारं बरंच काही असतं.

ढगात शिरलेल्या विमानात तर मान खाली घालून मनगट न्याहाळणं धोक्याचंच. विमान वळत असताना डोकं अचानक दुसऱ्या अक्षात हललं की कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव भलतेच संदेश पाठवतो आणि आपण कोलमडून पडतोय असं वाटू लागतं. याला कोरिऑलिस भ्रम म्हणतात. मुख्य उपकरणं नजरेसमोर का मांडलेली असतात, त्याचं हे एक कारण.

हवामानाचे अहवाल घड्याळावर येतात ते फोनमार्फत, आणि वर गेल्यावर फोनचं नेटवर्क भरवशाचं राहत नाही. निघण्यापूर्वी वाचायला ठीक.

घड्याळाच्या बाजूने एक वाद मात्र गंभीरपणे घ्यायला हवा: रात्रीची वेळ, एका इंजिनाचं छोटं विमान, सगळी वीज गेली. पडदे काळे. अशा वेळी मनगटावरचा बाण ‘जवळचा विमानतळ, बारा मैल, उजवीकडे’ म्हणाला तर तो देवासारखा वाटेल. मान्य. पण तेच टॅबलेट करतो, फोन करतो, आणि दोघांची बॅटरी विमानाच्या विजेवर अवलंबून नाही. टॅबलेट उन्हात तापून बंद पडतो ही तक्रार खरी आहे, म्हणून दुसरं काहीतरी जवळ हवंच. ते खिशातला फोन असू शकतं. घड्याळ ही तिसरी राखीव फळी झाली. ज्याला परवडतं त्याने ठेवावी, पण तिला गरज म्हणू नये.

एका परिस्थितीत मात्र जीपीएसचं घड्याळ साध्या घड्याळापेक्षा वाईट ठरू शकतं. २०२३ च्या शेवटापासून मध्यपूर्वेच्या आकाशात विमानांना खोटे उपग्रह-संदेश मिळण्याचे प्रकार वाढले. नुसता गोंगाट करून संदेश दाबायचा हा जुना प्रकार, हा त्यापुढचा. यात बनावट संदेश जागा चुकवतात आणि कधीकधी वेळही. विमानांची घड्याळं पुढे-मागे झाल्याच्या नोंदी आहेत. मोठ्या विमानात उपग्रहांवर अवलंबून नसलेली जडत्वीय यंत्रणा असते, ती बहुतेक वेळा सांभाळून घेते. मनगटावरचं घड्याळ त्याच लहरी ऐकत असेल तर तेही फसू शकतं. साधं क्वार्ट्झ घड्याळ कुणाचंच ऐकत नाही. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि महिन्याला फार तर पंधरा-वीस सेकंद चुकतो.

वेळ ही काही वैमानिकाची दुय्यम गरज नव्हे. चार्ल्स लिंडबर्गने १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडल्यावर अमेरिकन नौदलातले अधिकारी पी. व्ही. एच. वीम्स यांच्याकडून ताऱ्यांवरून मार्ग काढायचे धडे घेतले आणि पुढे लाँजिन या स्विस घड्याळ कंपनीसाठी एका खास घड्याळाची कल्पना मांडली. ते १९३१ मध्ये आलं. सेकंदांना एवढं महत्त्व का, याचा हिशोब सोपा आहे. पृथ्वी ४ सेकंदांत एक कलेएवढी, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढी फिरते, आणि विषुववृत्तावर एक कला म्हणजे एक सागरी मैल. घड्याळ अर्धा मिनिट चुकलं तर तुम्ही नकाशावर साडेसात सागरी मैल, म्हणजे जवळजवळ १४ किलोमीटर चुकीच्या जागी. तारे आता कोणी बघत नाही, पण मिनिटं मोजणं सुटलेलं नाही. उतरण्याची वाट बघत विमान घिरट्या घालतं तेव्हा सरळ बाजू एक मिनिटाची असते, १४ हजार फुटांच्या वर दीड मिनिटाची. प्रमाण वळण सेकंदाला ३ अंशांचं, म्हणजे पूर्ण फेरीला दोन मिनिटं. इंधनाची टाकी ठरावीक वेळाने बदलायची. सगळ्या नोंदी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. एवढ्यासाठी सेकंद दाखवणारं, स्टॉपवॉच असलेलं, अंधारात वाचता येणारं कुठलंही घड्याळ चालतं. सोबत दुसरा कालविभाग दिसला की झालं.

आता दाबमापकाकडे. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस एअरवेजचं बोइंग ७३७ सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघालं. केबिनचा दाब राखणाऱ्या यंत्रणेचा स्विच देखभालीनंतर ‘मॅन्युअल’वरच राहिला होता. विमान चढत गेलं, केबिनमधली हवा विरळ होत गेली, धोक्याचा भोंगाही वाजला. पण त्या विमानात उड्डाणापूर्वीच्या चुकीच्या मांडणीचा इशाराही त्याच आवाजात वाजत असे, आणि वैमानिकांनी तो तसाच समजून घेतला. थोड्याच वेळात दोघेही शुद्ध हरपून बसले. विमान स्वयंचलित यंत्रणेवर इंधन संपेपर्यंत उडत राहिलं आणि अथेन्सजवळ कोसळलं. १२१ जण गेले, कोणीही वाचलं नाही.

ऑक्सिजन कमी पडण्याचा कावा असा की बिघडतो तो मेंदू, आणि आपण बिघडलोय हे ओळखायचं कामही त्याचंच. माणूस घाबरत नाही. उलट खुशीत येतो. २५ हजार फुटांवर शहाण्यासारखं वागता येतील अशी जेमतेम ३ ते ५ मिनिटं मिळतात, ३५ हजारांवर अर्धं ते एक मिनिट. मनगटावरचा दाबमापक केबिनचाच दाब मोजतो. सुरुवातीला जो आकडा निरुपयोगी वाटला, नेमका तोच इथे हवा आहे. केबिन १० हजार फुटांवर गेली की मनगटाला थरथर, आणि पडद्यावर भोंग्यासारखा संदिग्ध आवाज नव्हे तर ठळक आकडा. हेलिओसच्या कॉकपिटमध्ये असं काही असतं तर निकाल बदलला असता का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण दाब राखणारी छोटी विमानं एकट्याने उडवणाऱ्यांसाठी स्वतंत्र, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा इशारा मोलाचा आहे. आणि त्याला जीपीएस लागत नाही. दाबमापक गिर्यारोहकांच्या बऱ्याच स्वस्त घड्याळांतही असतो. फक्त उंचीचा गजर लावता येतो का, आणि तो इंजिनाच्या आवाजात थरथरीने जाणवतो का, हे बघून घ्यावं.

रक्तातला ऑक्सिजन मोजण्याची सोय याच कुटुंबातली, पण तिच्यावर माझा भरवसा कमी. लाल आणि अवरक्त प्रकाश टाकून रक्ताचा रंग जोखायचा, हे तत्त्व पक्कं आहे. बोटाच्या चिमट्यात प्रकाश आरपार जातो. मनगटावर तो परतून आलेला पकडावा लागतो, आणि तिथे नाडी मंद. थंडी, धक्के, सैल पट्टा, यांतल्या कशानेही आकडा घसरतो. गडद त्वचेवर पल्स ऑक्सिमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतात, हेही आता ठाऊक आहे. बोटाचा छोटा ऑक्सिमीटर यापेक्षा बरा.

आणि एका धोक्यापुढे दोन्ही आंधळे आहेत. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत अनेकदा धुराड्याच्या उष्णतेवर केबिन गरम करतात. त्या नळीला तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, रक्तातल्या हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला ते रक्त ऑक्सिजनने भरलेल्या रक्तासारखंच लालभडक दिसतं. घड्याळ ९८ टक्के दाखवत राहतं. २१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला याला घेऊन निघालेलं पायपर मालिबू इंग्लिश खाडीत कोसळलं. तपासात सालाच्या रक्तात कार्बोक्सिहिमोग्लोबिनचं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण ५८ टक्के निघालं. त्या विमानात कार्बन मोनॉक्साइडचा सक्रिय इशारा देणारं यंत्र नव्हतं. असं बॅटरीवर चालणारं, मोठ्याने वाजणारं यंत्र जीपीएस घड्याळाच्या किमतीच्या अगदी छोट्या भागात मिळतं, आणि छोटं विमान उडवणाऱ्याने खरेदीच्या यादीत आधी तेच लिहावं.