वेगमर्यादा म्हणजे नुसती दंडवसुली?
वेगमर्यादा हे केवळ दंडवसुलीचे निमित्त असून हात बसलेल्या चालकाला वेगाचा धोका नसतो, हा समज जुना आहे. कोरड्या रस्त्यावर, प्रतिक्रियेला एक सेकंद धरल्यास, ताशी 50 किलोमीटर वेगाची मोटार सुमारे 28 मीटरमध्ये थांबते. तेवढ्याच अंतरावर मूल आडवे आले, तर 65 च्या वेगाची मोटार त्याच्यापर्यंत पोहोचते तेव्हाही तिचा वेग जवळपास 50 असतो, कारण ब्रेक लागेपर्यंतच तिने 18 मीटर कापलेले असतात. नुसत्या पाटीने वेग फारसा उतरत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. एकच कॅमेरा असला, की चालक तेवढ्यापुरता वेग कमी करतो आणि पुढे कसर भरून काढतो (हे कोण नाकारेल?), म्हणूनच दोन कॅमेऱ्यांमधील सरासरी वेग मोजणारी पद्धत अधिक परिणामकारक ठरते.