पेशीला थोडा त्रास द्यावा लागतो

उतीसंवर्धनात, म्हणजे झाडाच्या पेशी बाटलीत वाढवण्याच्या कामात, औषधी झाडाचा कोवळा तुकडा निर्जंतुक करून, पात्याने कापून पोषक माध्यमावर ठेवला, की पहिल्या दोन दिवसांतच शिकणाऱ्याचा धीर सुटावा असं काहीतरी दिसतं. कापलेल्या कडेभोवती एक फिकट तपकिरी कडं उमटतं. दुसऱ्या दिवशी ते गडद होतं, काचेसारखं स्वच्छ असलेलं अगार, म्हणजे माध्यमाची जेली, गढूळ होत जातं आणि आठवड्याभरात तुकडा काळा पडून मरतो. बुरशी नाही, जिवाणू नाहीत. तुकडा आपल्याच रसाने मेलेला असतो.

हा रस म्हणजे फिनॉल गटातली संयुगं. सफरचंद कापून ठेवलं की तांबूस पडतं, तोच हा प्रकार. जिवंत पेशीत फिनॉल एका कप्प्यात असतात आणि त्यांच्यावर काम करणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात. पातं फिरलं की मधल्या भिंती फुटतात, दोघांची गाठ पडते, हवेतला ऑक्सिजन असतोच, आणि फिनॉलपासून क्विनोन नावाची तिखट संयुगं तयार होऊन आसपासची प्रथिनं निकामी करतात. ज्यांना आपण अँटिऑक्सिडंट म्हणून नावाजतो, ती हीच फिनॉल. म्हणून ज्या झाडात औषधी गुण जास्त, ते बाटलीत रुजवायला बहुधा जास्त अवघड. त्यावर उपाय ठरलेले आहेत. तुकडा अंधारात ठेवायचा, माध्यमात सक्रिय कोळसा घालायचा, चार-पाच दिवसांत ताज्या माध्यमावर हलवायचा. कापताना तो ॲस्कॉर्बिक आम्लाच्या, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या द्रावणात बुडवायचा. अँटिऑक्सिडंटवाल्या झाडाला वाचवायला बाहेरून अँटिऑक्सिडंट द्यावं लागतं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

झाड ही संयुगं आपल्यासाठी बनवत नाही. त्याला उन्हातून उठून सावलीत जाता येत नाही. प्रकाश वापरता येईल त्यापेक्षा जास्त झाला की हरितलवकातून इलेक्ट्रॉन निसटतात, ते ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइडसारखे मुक्त मूलक तयार होतात. हे मूलक पेशीच्या पडद्यातून, प्रथिनांतून, डीएनएतून इलेक्ट्रॉन ओरबाडून घेतात. फिनॉलचा रेणू अशा वेळी स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतो. देऊन झाल्यावर तो स्वतः बेभान होत नाही, कारण उरलेला एकटा इलेक्ट्रॉन त्याच्या अणूंच्या कड्यावर पसरून राहतो. त्याच्या उपयोगाचं मर्म या पसरण्यात आहे.

आता बाटलीतली पेशी पाहा. १९०२ साली वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी मांडलं होतं, की झाडाच्या एकेकट्या पेशीला बाहेर वाढवता येईल. त्यांचे स्वतःचे प्रयोग मात्र फसले. पुढे १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी दाखवलं, की ऑक्सिन आणि सायटोकायनिन या दोन संप्रेरकांचं प्रमाण बदललं की त्याच उतीपासून मुळं, कोंब किंवा नुसता पेशींचा गोळा मिळतो. या गोळ्याला कॅलस म्हणतात. १९६२ चं मुराशिगे-स्कूग माध्यम आजही जगभरच्या प्रयोगशाळांत रोज बनतं. लिटरला ३० ग्रॅम साखर, मोजून मापून क्षार, ठरलेलं तापमान. ऊन नाही, कीड नाही, दुष्काळ नाही. पेशी भराभर वाढते, आणि बरेचदा औषधी संयुग बनवणं सोडून देते. बचावाची गरजच उरलेली नसते.

मग तिला जाणूनबुजून छेडावं लागतं. झाडाला जखम झाली की ते जॅस्मोनेट नावाचा इशारा सोडतं. तोच माध्यमात मिसळला की पेशी हल्ला झाल्यासारखी वागते. यीस्टचा अर्क बुरशीचा भास करून देतो. अतिनील किरणांचाही उपयोग होतो. पण प्रत्येक संयुगाचा स्वभाव निराळा. ॲन्थोसायनिन या रंगद्रव्याला बहुधा प्रकाश हवा, शिकोनिन हे दुसरं रंगद्रव्य प्रकाशात बंद पडतं. रोझमॅरिनिक आम्ल, जे तुळशीच्या कुळात भरपूर असतं, ते कोलियस या शोभेच्या झाडाच्या पेशींमध्ये जादा साखर देऊन सुक्या वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्श्यापर्यंत नेता आलं आहे. अख्ख्या झाडात एवढं कधीच साठत नाही.

एक खबरदारी मात्र हवीच. 'अँटिऑक्सिडंट क्षमता' मोजण्याची सर्वांत लाडकी चाचणी डीपीपीएच या गर्द जांभळ्या रसायनाची. त्यात अर्क घालायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचं, जांभळा जाऊन पिवळा किती आला ते ५१७ नॅनोमीटरवर वाचायचं. रंग डोळ्यांदेखत उतरताना पाहणं सुंदर असतं. पण ते परीक्षानळीत घडतं. पोटात गेलेल्या फिनॉलपैकी थोडंच रक्तात पोहोचतं, तेही आतडं आणि यकृत यांनी बदललेल्या रूपात. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. अमेरिकेच्या कृषी विभागाने अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट गुणांकांची यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. त्यामुळे 'कॅलसच्या अर्काने डीपीपीएचचा रंग घालवला' यावरून 'हे खा, आजार जाईल' अशी उडी मारणाऱ्या मजकुरावर विश्वास ठेवू नये.

उतीसंवर्धनाचं खरं मोल वेगळ्या ठिकाणी आहे. मुळांसाठी उपटलेलं झाड संपतं. शिकोनिन हे लाल रंगद्रव्य ज्या वनस्पतीच्या मुळात असतं, ते मूळ वापरण्याजोगं व्हायला काही वर्षं लागतात. १९८३ मध्ये जपानच्या मित्सुई कंपनीने ते टाक्यांमध्ये, पेशी वाढवून काढायला सुरुवात केली. आधी एका माध्यमात पेशींची संख्या वाढवायची, मग अमोनियम नसलेल्या दुसऱ्या माध्यमात ढकलून रंग धरायला लावायचा. तीन आठवड्यांच्या आसपास काम होत असे. असे वाण टिकवणं मात्र सोपं नाही, कारण पिढ्यांगणिक काही पेशी रंग विसरतात. म्हणून गोळे थाळीवर पसरून त्यांतला सर्वांत लालभडक शोधायचा, तेवढाच चिमट्याने उचलायचा, नव्या माध्यमावर ठेवायचा, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच.