प्रूफ नाणे आणि चलनी नाणे : फरकामागचा इतिहास

विदर्भातल्या अनेक शेतकरी घरांत, आजीच्या पेटीत किंवा लक्ष्मीपूजनाच्या ताटात, राणी छाप आणि राजा छाप चांदीचे रुपये आजही असतात. जुन्या नाण्यांविषयीची माहिती मोबाइलवर सहज मिळू लागल्यापासून त्यांतला एखादा रुपया लखलखीत निघाला की तो ‘प्रूफ’ असावा, असा समज घरात आणि कधी कधी तालुक्याच्या सराफाकडेही होतो. बहुतेक वेळा हा समज चुकीचा ठरतो, आणि तो का चुकीचा ठरतो हे कळण्यासाठी भिंग हाती घेण्यापूर्वी थोडा इतिहास माहीत असावा लागतो. प्रूफ म्हणजे नाणे घडवण्याची एक खास पद्धत. त्या पद्धतीने पाडलेले नाणे पुढे झिजले, खरचटले, अगदी कडी लावून माळेत ओवले गेले तरी ते प्रूफच राहते. आणि टाकसाळीतून निघाल्यापासून कुणाचा हात न लागलेले चलनी नाणे कितीही चमकले तरी ते चलनीच राहते.

व्यवहारासाठी एक आणि मानासाठी दुसरे, अशी नाणी वेगळी पाडण्याची रीत आपल्याकडेही जुनी आहे. जहांगीराने १६१३ साली आग्र्याच्या टाकसाळीत पाडलेली हजार तोळ्यांची, सुमारे बारा किलो वजनाची सोन्याची मोहोर बाजारात खर्चण्यासाठी नव्हतीच. मोगलांच्या आणि पुढे अनेक संस्थानांच्या टाकसाळींतून राज्यकर्त्याला पेश करण्यासाठी ‘नजराणा’ नाणी पाडली जात. हातोड्याने ठोकून पाडलेल्या नेहमीच्या रुपयात ठसा, म्हणजे चित्र आणि मजकूर उमटवणारा साचा, चकतीपेक्षा, म्हणजे धातूच्या कोऱ्या तुकड्यापेक्षा, मोठा असे, त्यामुळे मजकुराचा काही भाग चकतीबाहेरच राहून जाई. नागपूरकर भोसल्यांचे रुपये पाहिले की हे लगेच ध्यानात येते, कारण टाकसाळीचे नाव किंवा सनाचे आकडे त्यांवर पुरते सापडणे हीच भाग्याची गोष्ट असते. नजराणा नाण्याची चकती मात्र इतकी रुंद घेत की ठसा काठासह संपूर्ण उमटे. म्हणजे खास नाणे ओळखायचे ते चकाकीवरून नव्हे तर ठशाच्या पूर्णतेवरून, हा धडा आपल्या परंपरेतच होता.

युरोपात प्रूफ नाण्याचा उगम यंत्राने नाणी पाडण्याशी जोडलेला आहे. इंग्लंडमध्ये १६६२ पासून दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत हातोड्याची नाणी मागे पडून यंत्राची नाणी कायमची रूढ झाली. नवा ठसा कसा उमटतो हे पाहण्यासाठी आणि राजाला व मंत्र्यांना दाखवण्यासाठी काही नाणी विशेष काळजीने पाडली जात. थॉमस सायमन या ठसेकाराने १६६३ साली घडवलेले चाचणीचे क्राउन (पाच शिलिंगांचे) नाणे याचे सर्वांत हृद्य उदाहरण आहे. राजाने नव्या चलनाचे काम परदेशी ठसेकारांना दिले, तेव्हा सायमनने आपली तक्रार अर्ज लिहून न मांडता नाण्याच्या बाजूच्या कडेवर दोन ओळींत कोरली आणि आपले काम त्यांच्या कामाशी ताडून पाहण्याची विनंती केली. जेमतेम काही मिलिमीटर जाडीच्या कडेवर स्वच्छ उमटलेली ती अक्षरे पाहिली की ठसेकारीच्या या कलेविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही. पुढे दुसऱ्या जॉर्जच्या काळात, १७४६ साली, चांदीच्या प्रूफ नाण्यांचा संच निघाला; आणि १८३९ च्या संचातले विल्यम वायन या ठसेकाराचे पाच पौंडांचे नाणे, ज्यात राणी व्हिक्टोरिया सिंहाला वाट दाखवणाऱ्या स्त्रीच्या रूपात आहे, आजही या परंपरेचे शिखर मानले जाते.

प्रूफ आणि चलनी यांतला फरक डोळ्यांना स्पष्ट दिसू लागला तो मात्र बर्मिंगहॅमच्या सोहो टाकसाळीमुळे, आणि तिचा हिंदुस्थानाशी थेट संबंध आहे. मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराने १७८८ साली उभारलेल्या या टाकसाळीत वाफेवर चालणारी छापयंत्रे होती. चकतीभोवती पोलादी कडे बसवल्यामुळे दाब पडताना धातू बाहेर पसरत नसे आणि प्रत्येक नाणे नेमके गोल निघे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यासाठी १७९४ ची रुपयाच्या अठ्ठेचाळिसाव्या आणि शहाण्णवाव्या भागाची तांब्याची नाणी येथेच पाडली गेली, आणि त्यांची प्रूफेही निघाली. काही प्रूफांवर सोन्याचा मुलामा असे. काहींच्या चकत्यांना पाडण्याआधीच रासायनिक प्रक्रियेने गडद तपकिरी रंग दिला जाई. असे तपकिरी, एकसारख्या रंगाचे तांब्याचे नाणे हाती आले तर ते मळलेले समजून चिंचेने घासून काढणे म्हणजे त्याची ओळखच पुसणे होय.

प्रूफ पाडण्याची रीत थोडक्यात अशी होती. ठशाचा सपाट भाग आरशासारखा घासून गुळगुळीत करायचा, चकती निवडून तीही चकचकीत करायची, छापयंत्र संथपणे चालवायचे, पुष्कळदा एकाच चकतीवर दोन किंवा अधिक वेळा दाब द्यायचा आणि निघालेले नाणे पाटीत न टाकता हाताने उचलून ठेवायचे. चलनी नाण्यांना यातले काहीच लाभत नसे. ती भराभर पडत, एकमेकांवर आपटत, पिशव्यांत भरून खजिन्यांत जात. म्हणून न वापरलेल्या चलनी नाण्यावरही गालापाशी, कपाळापाशी बारीक ठेचा दिसतात.

खरी अडचण येते ती नव्या ठशातून निघालेल्या पहिल्या काही चलनी नाण्यांची. ठसा नवा आणि गुळगुळीत असताना त्यातून पडलेल्या नाण्याचा मोकळा तळ, म्हणजे चित्र आणि अक्षरे सोडून उरलेला भाग, जवळजवळ आरशासारखाच दिसतो. हजारो नाणी पडली की धातूच्या सरकण्याने ठशावर मध्यापासून काठाकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा तयार होतात. त्यांच्यामुळे नाणे तिरपे करून फिरवले असता प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरताना दिसतो. असा फिरता पट्टा ठळक दिसला तर नाणे चलनी असल्याचा तो चांगला पुरावा आहे. पट्टा दिसला नाही म्हणून मात्र नाणे प्रूफ ठरत नाही. तेव्हा तळाकडून काठाकडे, म्हणजे नाण्याच्या दर्शनी बाजूभोवतीच्या उठावदार चौकटीकडे, वळावे. प्रूफाचा काठ रुंद, सपाट आणि बाजूच्या कडेशी काटकोनात मिळालेला असतो, क्वचित त्यावर तारेसारखी धारदार रेघही उठलेली असते. चलनी नाण्याचा काठ किंचित गोलसर उतरलेला असतो. कडेचे कंगोरे वरपासून खालपर्यंत सारखे भरलेले आहेत का, काठालगतचे दाणे सुटे आणि पूर्ण आहेत का, अक्षर तळाला जिथे मिळते तिथे कोपरा तीक्ष्ण आहे की विरघळल्यासारखा आहे, हे सारे दहापट भिंगाखाली पाहता येते. माझ्या मते काठ आणि कड यांची साक्ष तळाच्या चमकेपेक्षा अधिक विश्वासाची आहे, कारण चमक नंतर आणता येते, काटकोनी काठ नंतर आणता येत नाही.

तळावरच्या रेषांचेही असेच आहे. ठसा घासताना त्यावर पडलेले ओरखडे नाण्यावर उलटे, म्हणजे उठावदार रेषा होऊन येतात, आणि त्या अक्षरापाशी आल्या की थांबतात. नाणे घासल्याने पडलेल्या रेषा खोलगट असतात आणि तळावरून थेट अक्षरांवर, चेहऱ्यावर चढत जातात. रिठ्याच्या पाण्यात उकळून पितळी ब्रशने उजळलेल्या रुपयावर या दुसऱ्या जातीच्या रेषा हमखास सापडतात. वजनकाट्याचा मात्र येथे उपयोग नाही, कारण नेहमीच्या धातूतले प्रूफ आणि चलनी नाणे एकाच वजनाचे असते. जाड चकतीवर किंवा वेगळ्या धातूत पाडलेले नमुने तेवढे अपवाद.

कंपनीच्या मुलखात सर्वत्र एकसारखा रुपया आला तो १८३५ च्या कायद्याने : वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. १८२९ साली सुरू झालेली कलकत्त्याची नवी टाकसाळ आणि त्याच सुमाराची मुंबईची टाकसाळ, दोन्हींत वाफेची यंत्रे होती आणि दोन्हींतून प्रूफे निघाली. पण याच टाकसाळींनी जुने ठसे वापरून संग्राहकांसाठी पुन्हा नाणी पाडून दिली, आणि ही पुनर्छपाई १९७० पर्यंत चालू राहिली. त्यामुळे १८३५ किंवा १८४० साल असलेले चकचकीत नाणे प्रत्यक्षात विसाव्या शतकात पडलेले असू शकते. मूळ प्रूफात मुखवटा, म्हणजे नाण्यावरचा राजा-राणीचा चेहरा, मंद, बिनचमकीचा आणि तळ आरशासारखा असा भेद असतो. सुरुवातीच्या पुनर्छपाईत मुखवटा आणि तळ सारखेच गुळगुळीत होतात. उशिराच्या पुनर्छपाईत जुने ठसे इतक्या वेळा घासलेले असतात की नाण्यावर उठावदार बारीक रेषांचे जाळे दिसते आणि पृष्ठभाग वार्निश दिल्यासारखा काचेरी भासतो. सोहोच्या नाण्यांतही हाच गुंता आहे : ती टाकसाळ मोडीत निघाल्यावर डब्ल्यू. जे. टेलर या ठसेकाराने जुने ठसे मिळवून त्यांतून नाणी पाडली, आणि ठशांवर चढलेल्या गंजाचे ठिपके त्या नाण्यांवर उठावाने उमटलेले दिसतात.

वऱ्हाडातल्या आणि नागपूर भागातल्या घरांत सर्वाधिक सापडतो तो १८६२ चा रुपया, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हे साल ठशावर बदललेच गेले नाही. १८७४ चे रुपये येईपर्यंत नवे रुपयेही १८६२ हेच साल घेऊन बाहेर पडत राहिले. नेमका हाच काळ कापसाचा होता. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने वऱ्हाडी कापसाला चढे भाव आले, १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि अमरावती, खामगाव, हिंगणघाटच्या बाजारांत कापसाच्या मोबदल्यात रोकड चांदी ओतली गेली. तो पैसा व्यापाऱ्याच्या थैलीतून शेतकऱ्याच्या घरात, तिथून सावकाराकडे, सोनाराकडे आणि गोंड, कोरकू, बंजारा स्त्रियांच्या माळांत गेला. प्रूफे या वाटेने आलीच नाहीत. ती मोजकीच निघत आणि टाकसाळीच्या नोंदसंग्रहात, अधिकाऱ्यांकडे किंवा संग्राहकांकडे जात. म्हणून गावातला चकचकीत १८६२ चा रुपया हा बहुधा न वापरता जपलेला किंवा उजळलेला चलनी रुपया असतो, आणि पहिल्या प्रकारचा असेल तर तो तसाच, न घासता जपण्याच्या योग्यतेचा असतो.

याच्या उलट, अजिबात न चमकणारीही प्रूफे आहेत. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचा १९०२ चा ब्रिटिश संच मुद्दाम बिनचमकीचा, धुरकट पृष्ठभागाचा काढला गेला. चकाकीची सवय झालेल्या डोळ्याला ती नाणी जुनी, फिकी वाटतात. पुढे प्रूफ संच सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचले, आणि १९३७ च्या सहाव्या जॉर्जच्या संचांची संख्या २६,४०२ इतकी झाली. फ्रान्सने वेगळीच सोय केली होती : तिथल्या नमुना नाण्यांवर ‘एसे’ (म्हणजे चाचणी) हा शब्दच कोरलेला असे.

स्वतंत्र भारताचा पहिला प्रूफ संच १९५० सालचा, मुंबई टाकसाळीचा आहे. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीची नाणी आली, त्यांत दहा रुपयांचे चांदीचे नाणे होते. सेवाग्रामच्या सान्निध्यामुळे वर्धा जिल्ह्यात ते आपुलकीने जपले जाणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या चलनी नाण्यावर हिऱ्याच्या आकाराची खूण असते, तर पुढच्या काळातल्या प्रूफांवर त्या जागी इंग्रजी ‘बी’ अक्षर असते, आणि शहराचे नाव बदलल्यानंतरच्या प्रूफांवर ‘एम’.