'थंडरबॉल' आणि 'नेव्हर से नेव्हर अगेन': एका कथेची वाटणी

शॉन कॉनरी जेम्स बाँड आहे. स्पेक्टर नावाच्या टोळीनं दोन अणुबाँब पळवलेत आणि जगाकडे खंडणी मागितली आहे. खलनायक लार्गो. त्याची भलीमोठी बोट, बोटीवर डॉमिनो नावाची तरुणी, आणि तिच्या भावाचा काटा काढला गेलाय हे तिला अजून कळलेलं नाही. बहामाचं निळंशार पाणी, पाण्यात शार्क. शेवटी डॉमिनोच लार्गोवर हार्पून झाडते.

ओळखा चित्रपट. 'थंडरबॉल' म्हणालात तर बरोबर. 'नेव्हर से नेव्हर अगेन' म्हणालात तरी बरोबर. पहिला १९६५चा, दुसरा १९८३चा. ज्यांनी बाँड टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी बघितला, त्यांच्या डोक्यात या दोघांची हमखास खिचडी झालेली असते. माझ्या झाली होती. पाठीचा कणा ताणायचं ते यंत्र, विजेचे झटके देणारा व्हिडिओ गेम, नवऱ्याच्या अंत्यविधीला आलेली बुरखाधारी 'विधवा' आणि वॉटर स्कीइंग करत थेट बाँडच्या मिठीत येऊन थडकणारी बाई, हे सगळं एकाच चित्रपटात घडतं असं मी कित्येक वर्षं समजत होतो. यंत्र आणि विधवा पहिल्यातली, व्हिडिओ गेम आणि वॉटर स्कीइंग दुसऱ्यातलं. त्यात १९८३ म्हटलं की आपल्याकडे उदयपूरचा सरोवरातला महाल, रिक्षांचा पाठलाग आणि कबीर बेदी आठवतो. तो वेगळाच, रॉजर मूरचा 'ऑक्टोपसी'. एकाच वर्षात दोन बाँड पडद्यावर आले होते, एकमेकांच्या नाकावर टिच्चून.

एकच गोष्ट एकाच नटाला घेऊन दोनदा का काढली, याचं उत्तर सिनेमात नाही, भाऊबंदकीत आहे. १९५९च्या सुमारास बाँडचा जनक लेखक इयान फ्लेमिंग, आयरिश निर्माता केव्हिन मॅक्लोरी आणि पटकथाकार जॅक व्हिटिंगहॅम मिळून बाँडसाठी एक पडद्यावरची कथा रचत होते. चित्रपट काही झाला नाही. फ्लेमिंगनं तोच माल घेऊन १९६१मध्ये 'थंडरबॉल' ही कादंबरी काढली आणि बाकी दोघांचं नावही घातलं नाही. मॅक्लोरी कोर्टात गेला. १९६३च्या अखेरीस लंडनच्या हायकोर्टात खटला उभा राहिला आणि तडजोडीत मिटला. कादंबरी फ्लेमिंगकडे राहिली, पण पुढच्या आवृत्त्यांत इतर दोघांचा उल्लेख करायचा असं ठरलं. चित्रपटाचे हक्क मॅक्लोरीकडे गेले.

आपल्याकडे हे समजायला वकील लागत नाही. वाडा एकाचा, पण त्यातल्या एका खोलीच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव लागलेलं. बाँडचे चित्रपट काढणाऱ्या ब्रोकोली आणि सॉल्ट्झमन यांना ती खोली हवी होती, म्हणून १९६५मध्ये त्यांनी मॅक्लोरीला निर्माता म्हणून सोबत घेतलं आणि 'थंडरबॉल' काढला. अट एवढीच, की पुढची दहा वर्षं मॅक्लोरीनं या कथेवर दुसरा चित्रपट काढायचा नाही. दहा वर्षं सरली आणि मॅक्लोरी पुन्हा कामाला लागला. आणखी काही वर्षं वादावादीत गेली. अखेर जॅक श्वार्ट्झमन या निर्मात्यानं प्रकरण तडीस नेलं आणि 'नेव्हर से नेव्हर अगेन' उभा राहिला. प्रदर्शनाच्या तोंडावर फ्लेमिंगच्या विश्वस्तांनी लंडनच्या कोर्टात तो अडवायचा प्रयत्न केला, तो फसला.

म्हणजे 'नेव्हर से नेव्हर अगेन' नकली बाँड नाही. बरेच जण तसं म्हणतात, पण ते बरोबर नाही. तो वाटणीत आलेल्या खोलीतला बाँड आहे, आणि त्याची बरीवाईट प्रत्येक गोष्ट त्या वाटणीवरून कळते.

वाटणीत काय आलं नाही ते आधी. बाँडची ती धून आली नाही. पांढऱ्या पडद्यावर बंदुकीच्या नळीतून दिसणारा, वळून गोळी झाडणारा माणूसही आला नाही. त्याऐवजी इथे पडदाभर ००७चे आकडे पसरतात आणि त्यांतून आपण थेट जंगलातल्या एका चकमकीत शिरतो. चकमक चांगली आहे, पण तिच्यावर लॅनी हॉलचं शीर्षकगीत असं मऊ मऊ वाजत राहतं की समोर माणसं मरतायत हेच विसरायला होतं. संगीत मिशेल लग्राँचं. माणूस थोर, पण हे काम त्याचं नव्हतं. 'थंडरबॉल'ला जॉन बॅरी होता, आणि शीर्षकगीताचा शेवटचा सूर इतका लांबवणारा टॉम जोन्स होता की रेकॉर्डिंगच्या वेळी आपल्याला घेरी आली असं तो स्वतः सांगतो. बाँडचा पाठलाग त्या पितळी वाद्यांशिवाय बघताना कळतं, की आपण आजवर थरार म्हणून जे अनुभवत होतो त्यातलं निम्मं कानातून येत होतं.

वाटणीत आली ती कथा. तीही अशी की तिच्यापासून फार लांब जाता येईना, कारण हक्क तेवढ्याच कथेचा. लार्गोच्या बोटीचं नाव 'थंडरबॉल'मध्ये इटालियन आहे, 'डिस्को व्होलान्ते', म्हणजे उडती तबकडी. दुसऱ्या चित्रपटात बोटीचं नाव 'फ्लाइंग सॉसर'. नावाचं नुसतं भाषांतर करून टाकलं! (ही दुसरी बोट खरीखुरी होती. शस्त्रांचा सौदी दलाल अदनान खशोगी याची 'नबिला'. पुढे ती डोनाल्ड ट्रम्प यांनी घेतली आणि तिचं 'ट्रम्प प्रिन्सेस' केलं. कथेतल्या लार्गोला शोभेल असाच तिचा प्रवास.)

तरी त्याच त्या प्रसंगांत मधली अठरा वर्षं दिसतात, आणि दोन्ही चित्रपट पाठोपाठ बघायची खरी मजा तिथे आहे. 'थंडरबॉल'मध्ये अणुबाँब पळवायला वैमानिकाचा चेहरा चोरतात. प्लास्टिक सर्जरी केलेला तोतया व्हल्कन विमानात बसतो आणि विमान समुद्रात उतरवतो. १९८३मध्ये चेहरा पुरत नाही, डोळा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या डोळ्याशी जुळणारा डोळा एका अधिकाऱ्याला बसवतात, यंत्राला फसवतात आणि क्रूझ क्षेपणास्त्रांवर अणुबाँब चढवतात. पहिल्यात खंडणी दहा कोटी पौंडांच्या हिऱ्यांची. दुसऱ्यात देशांच्या वर्षाच्या तेलखरेदीचा चौथा हिस्सा. मधे सत्तरच्या दशकातले तेलाचे दोन झटके येऊन गेलेत, हे वेगळं सांगायला नको. पहिल्यात बाँड आणि लार्गो नासाऊच्या कॅसिनोत पत्ते खेळतात. दुसऱ्यात माँटे कार्लोला समोरासमोर बसून व्हिडिओ गेमवर जगाचे तुकडे जिंकतात, आणि हरणाऱ्याच्या हातांना विजेचा झटका बसतो. आज त्या गेमची चित्रं बघून हसू येतं. झटका खाल्लेला कॉनरीचा चेहरा मात्र अजून चालतो. जिंकल्यावर तो पैसे सोडतो आणि डॉमिनोसोबत एक नाच मागतो. त्या टँगोतच तिच्या कानात सांगतो की तुझा भाऊ मेलाय, नाचत राहा. 'थंडरबॉल'मध्ये हीच बातमी तो समुद्रकिनाऱ्यावर देतो. प्रसंग ठीक आहे, पण टँगोची सर त्याला नाही.

दुसऱ्या चित्रपटातली मला आवडणारी प्रत्येक गोष्ट अशीच, वाटणीत न आलेली, स्वतः कमावलेली आहे. त्यात सर्वांत वर फातिमा ब्लश. 'थंडरबॉल'मध्ये तिच्या जागी फिओना व्होल्पे आहे. लुचियाना पालुत्झीनं ती झकास केली आहे, आणि बाँडच्या शय्येवर आली की बाई लगेच सुधारते या समजुतीची ती त्याच्या तोंडावर खिल्ली उडवते. १९६५च्या मानानं हे धाडसच. बार्बरा कॅरेराची फातिमा वेगळ्याच मातीची आहे. कपडे असे की दशावतारातली राक्षसीण फॅशन शोला निघालीय, चाल नाचत जाणारी, आणि खून केल्यावर पोटातून येणारं हसू. बाँडला बंदुकीच्या टोकावर धरून ती त्याच्याकडून काय मागते? आपणच त्याच्या आयुष्यातली सर्वांत भारी स्त्री, असं लेखी प्रमाणपत्र. तो लिहायला पेन काढतो, आणि त्या पेनानंच तिचा शेवट होतो. या भूमिकेसाठी कॅरेराला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं. अशा चित्रपटातल्या अशा भूमिकेला हे सहसा होत नाही.

लार्गोचंही तसंच. आदोल्फो चेलीचा लार्गो म्हणजे डोळ्यावर काळी पट्टी, घरी शार्कचा हौद आणि उसना आवाज, कारण त्याचे संवाद दुसऱ्यानं म्हटले आहेत. दिसायला जबरदस्त, पण आत पोकळ. क्लाउस मारिया ब्रँडाउअरला पट्टीबिट्टी लागत नाही. तो हसतो. लाडावलेल्या पोरासारखा, समोरच्याला वाटावं की हा आपला मित्रच. डॉमिनो त्याला विचारते, मी तुला सोडून गेले तर? तो हसतहसत सांगतो, गळा चिरीन. आधी आपणही हसतो, मग कळतं की तो थट्टा करत नव्हता. अर्व्हिन कर्शनर हा दिग्दर्शक नटांचा होता, मारामाऱ्यांचा नव्हता, हे अशा ठिकाणी फायद्याचं ठरतं आणि शेवटी तोट्याचं.

आणि वय. 'थंडरबॉल'मधला कॉनरी पस्तिशीचा, चित्त्यासारखा. १९८३ला तो त्रेपन्नचा. चित्रपट ते लपवत नाही, उलट त्याच्यावरच उभा आहे. नवा साहेब त्याला सांगतो, तुझ्या शरीरात विष साचलंय, मांस आणि मद्य सोड, आरोग्यधामात जा. तिथे नर्स खोलीच्या पलीकडच्या टोकाहून सांगते की हे भांडं भरून द्या, तेव्हा बाँड विचारतो, इथून? पुढे धिप्पाड मारेकऱ्याशी चाललेली लांबलचक मारामारी तो त्याच भांड्यातल्या द्रावणानं जिंकतो. असे विनोद चित्रीकरण चालू असताना डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने या ब्रिटिश विनोदी लेखकजोडीनं पटकथेत भरले, श्रेयनामावलीत त्यांचं नाव नाही. पुन्हा नाव न घालणं आलंच! रोवन अ‍ॅटकिन्सनही यात आहे, बहामातला गडबड्या सरकारी माणूस म्हणून. गंमत अशी की त्याच वर्षी 'ऑक्टोपसी'तला रॉजर मूर कॉनरीपेक्षा तीन वर्षांनी मोठा होता, आणि त्या चित्रपटात कोणी त्याच्या वयाचं नावही काढत नाही. म्हातारपणाचा बाँड म्हणून गाजला तो वयानं धाकटाच.

दोष सांगायचे तर दोघांनाही बाजूला बसवावं लागेल. 'थंडरबॉल'मध्ये आरोग्यधामातल्या नर्सला नोकरी जायची भीती घालून बाँड जवळीक साधतो आणि चित्रपट त्याला खोडकरपणा समजतो. हे आज बघवत नाही. 'नेव्हर से'मध्ये डॉमिनोला अरबांच्या बाजारात लिलावाला उभं करतात. तेलसंकटानंतरच्या पाश्चात्त्य डोक्यातला अरब एवढाच, आणि १९८३लाही तो शिळाच होता. डॉमिनो झालेल्या किम बेसिंजरला पटकथेनं करायला काही ठेवलेलं नाही, हा वेगळा दोष.

सगळ्यांत मोठा दोष दोघांचा एकच आहे, पाणी. 'थंडरबॉल'चा जवळपास चौथा हिस्सा पाण्याखाली घडतो. त्या काळी ते कुणी पाहिलं नव्हतं, चित्रपटाला दृश्यपरिणामांचं ऑस्करही मिळालं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. पण पाण्यात माणूस सावकाश हलतो, बोलत नाही, आणि मुखवट्यामुळे कोण कुणाचा हे कळत नाही. शेवटची लढाई नारिंगी सूट विरुद्ध काळे सूट अशी रंगावरून ओळखावी लागते. तरी तिथे माणसांची संख्या तरी आहे, बॅरीचं संगीत आहे. 'नेव्हर से'कडे शेवटासाठी एक भूमिगत देऊळ आहे, थोडी गोळीबारी, मग पाण्यात एक त्रोटक झटापट, आणि ब्रँडाउअरसारखा नट मुखवट्यामागे गप्प. इतका मजेदार खलनायक उभा करून त्याला असा बुडवणं म्हणजे पंगतीत श्रीखंड मांडून वाढायच्या आधीच पानं उचलण्यासारखं आहे.

टीव्हीवर मधूनच लागलं तर ओळखायची खूण सोपी. ओळखीची धून ऐकू आली, किंवा अधिकारी प्रचंड दालनात बसलेले दिसले, तर 'थंडरबॉल'. सॅक्सोफोन आणि ऐंशीच्या दशकातले खांदे दिसले, बाँडचा सीआयएतला मित्र फेलिक्स लायटर कृष्णवर्णीय दिसला (बर्नी केसी, त्या भूमिकेतला पहिला कृष्णवर्णीय नट), तर दुसरा.

या वाटणीचा तिसरा परिणाम पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. स्पेक्टर आणि तिचा म्होरक्या ब्लोफेल्ड यांच्यावर मॅक्लोरीनं हक्क सांगितल्यामुळे मूळ मालिकेतून दोघं गायब झाले. १९८१च्या 'फॉर युअर आईज ओन्ली'च्या सुरुवातीला चाकांच्या खुर्चीतल्या एका टकल्या माणसाला बाँड कारखान्याच्या धुराड्यात टाकतो. मांडीवर पांढरी मांजर असते, पण त्याचं नाव कुणी घेत नाही. ते नाव घ्यायची सोय २०१३मध्ये झाली, मॅक्लोरीच्या वारसांशी व्यवहार मिटल्यावर. दोन वर्षांनी 'स्पेक्टर' आला. 'नेव्हर से'चे हक्क तर त्याआधीच, १९९७मध्ये, मूळ मालिकेमागच्या एमजीएम स्टुडिओनं विकत घेतले होते. सातबारा एकत्र झाला.

आणि ते नाव? १९७१चा बाँड केल्यावर कॉनरी म्हणाला होता, पुन्हा कधीच नाही. 'असं कधी म्हणू नये' हे सुचलं त्याच्या बायकोला, मिशलीनला. श्रेयनामावलीत शीर्षकाचं श्रेय तिला दिलेलं आहे. ज्या कथेचं सगळं रामायण नाव न घालण्यावरून झालं, त्या कथेत निदान हे एक नाव वेळेवर लागलं. मी हा चित्रपट अजूनही फातिमाच्या पेनापर्यंतच बघतो. तिथून पुढे चहा टाकायला उठतो, आणि कॉनरी कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारतो त्या शेवटच्या क्षणाला परत येऊन बसतो.